फिनाईल विकलं, हातमोजे विसरलो: ‘ते काम’ धंदा म्हणून करायचं असेल तर



आजचा विषय जरा वेगळा आहे. जेवताना वाचत असाल तर ताट संपवा, मग या. व्हिडीओत मी हा विषय दहा मिनिटांत उरकला होता, पण त्यात बरंच राहून गेलं. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

एखाद्या घरात, लॉजवर, दुकानात अपघात होतो. कोणी पडतं, रक्त सांडतं. कोणी एकटं राहणारं माणूस जातं आणि दोन-तीन दिवसांनी शेजाऱ्यांना कळतं. पोलीस येतात, पंचनामा होतो, मृतदेह जातो, नातेवाईक जातात. मग ती खोली कोण साफ करतं?

हा प्रश्न आपण कधी विचारतच नाही. उत्तर मात्र सगळ्यांना माहीत आहे. एक तर घरातलीच बाई डोळे पुसत पुसत फरशी पुसते, नाहीतर “त्या वस्तीतल्या” कोणाला तरी बोलावलं जातं. हातात तीनशे रुपये टेकवतात, सोबत एक बाटली, आणि म्हणतात, “आटप लवकर.” या कामाला आपल्याकडं धड नावसुद्धा नाही. लोक नुसतं ‘ते काम’ म्हणतात.

परदेशात याच कामाच्या कंपन्या आहेत. अमेरिकेत रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगारांना वाचवण्यासाठी १९९१ साली खास नियम आला. अशा कामावरच्या माणसाला हिपॅटायटीस बीची लस मालकानं फुकट द्यायची, असं त्यात आहे. कॅलिफोर्निया राज्यात हे काम करायला सरकारदरबारी नोंदणी लागते. जपानमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं घरातच जातात आणि उशिरा सापडतात, त्यामुळं तिथं ‘विशेष सफाई’ हा वेगळा व्यवसायच उभा राहिला आहे. आपल्याकडं काय आहे? फिनाईल आणि नशीब.

माझी चूक आधी सांगतो

माझं परतवाड्यात हाउसकीपिंगच्या सामानाचं दुकान आहे. चिखलदऱ्याच्या हॉटेल-लॉजवाल्यांना मी माल पुरवतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी सकाळी वरून एका लॉजमालकाचा फोन आला. (आमच्याकडं चिखलदऱ्याला ‘वर’ म्हणतात.)

“भाऊ, फिनाईलच्या चार क्यान पाठवजो. अन् एखादा मानूस असंल तं तोही पाठव.”

काय झालं विचारलं, तर रात्री एक पाहुणे बाथरूममध्ये पडले, डोक्याला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. पंचनामा झालेला. शनिवार-रविवार तोंडावर, धुक्याचा सीझन, सगळ्या खोल्या बुक. त्यांना ती खोली दुपारपर्यंत मोकळी हवी होती.

मी माल गाडीत टाकला आणि दुकानात सुट्या कामाला येणाऱ्या एका भावाला सोबत पाठवलं. त्यानं वर जाऊन आधी गरम पाणी ओतलं, मग फिनाईल, मग हातानं घासायला घेतलं. बाथरूममध्ये आरशाची काच फुटलेली होती. बोटाला खोल चीर पडली. त्यानं रुमाल बांधला आणि काम पुरं केलं.

मला हे कळलं चार दिवसांनी, हात सुजल्यावर. मी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “चार दिवस काय करत होतात?” एचआयव्हीची बाधा टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ निघून गेली होती. हिपॅटायटीस बीची लस त्यानं कधी घेतलेलीच नव्हती. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, लस सुरू केली, रक्त तपासलं आणि पुन्हा पुन्हा तपासायला बोलावलं. पुढचे सहा महिने तो माणूस आपल्या लेकराला जवळ घेताना कचरत होता. त्याच्या बायकोनं मला विचारलं, “भाऊ, यायले काही होनार तं नाई ना?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सगळे रिपोर्ट निल आले. पण ते नशीब होतं, माझी हुशारी नव्हती. माझ्या दुकानात हातमोज्यांची खोकी रॅकवर पडून होती. मी चार क्यान फिनाईलचं बिल फाडलं आणि पाच-सात रुपयांची हातमोज्यांची जोडी द्यायला विसरलो. बीबीए केलं, मार्जिन शिकलो, हे नाही शिकलो.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. जे समजलं ते आता तुम्हाला सांगतो.

१. आधी धोका ओळखा

वाळलेलं रक्त म्हणजे मेलेलं रक्त, असं लोकांना वाटतं. हे खरं नाही. हिपॅटायटीस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्ही बाहेर लवकर कमकुवत होतो, पण सुई किंवा काच टोचली तर तपासणी टाळायची नाही.

दुसरा धोका विषाचा. आपला भाग कापूस-सोयाबीनचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून जास्त जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. ते विष पोटातूनच जातं असं नाही, कातडीतून आणि श्वासातूनही जातं. ज्या खोलीत विषबाधेचा रुग्ण होता तिथली उलटी, कपडे, गादी यांना उघडा हात लावणं म्हणजे स्वतः फवारणीला उभं राहणं.

तिसरा धोका तुमच्या औषधांचाच. हायपो आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत भरला तर माणूस कोसळतो. अमोनिया असलेल्या क्लीनरसोबतही हायपो चालत नाही. एका वेळी एकच औषध, आणि मध्ये भरपूर पाण्यानं धुणं, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

आता फिनाईलचं. मी स्वतः फिनाईल विकतो, तरी सांगतो. पांढरं फिनाईल वासाला आणि रोजच्या पोछ्याला ठीक आहे. रक्तातल्या विषाणूंसाठी त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

२. पोलिसांच्या आधी झाडू नको

हे वाक्य तीनदा वाचा. फोन आला की पहिला प्रश्न: “पंचनामा झाला का?” दुसरा प्रश्न: “खोली मोकळी केल्याचं पोलिसांनी सांगितलं का?”

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. अकस्मात मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. जुनी माणसं अजून १७४ म्हणतात, तेच हे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर कलम १७६ नुसार न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करतात. आणि पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. तुम्ही चांगल्या मनानं पुसलेला डाग उद्या तुम्हालाच कोर्टाची पायरी दाखवू शकतो.

म्हणून मालकाकडून किंवा कुटुंबाकडून साध्या कागदावर लिहून घ्या: पंचनामा झाला आहे, खोली आमच्या ताब्यात आहे, सफाईला आमची परवानगी आहे. सही, तारीख, वेळ. पोलीस ठाण्यात फोन करून तुम्ही स्वतः खात्री करा आणि कोणाशी बोललात ते वहीत लिहा. सफाई करताना चिठ्ठी, मोबाईल, दागिना, औषधाची बाटली असं काही सापडलं तर हात थांबवा, आधी पोलिसांना कळवा.

३. कामाची पद्धत

व्हिडीओत हे घाईत झालं होतं, म्हणून इथं क्रमानं देतो.

पहिलं, खिडक्या उघडा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात धुकं खोलीत शिरतं म्हणून लॉजवाले खिडक्या बंद ठेवतात. काम चालू असताना त्या उघड्याच हव्यात.

दुसरं, साधनं अंगावर चढवा. कव्हरऑल सूट, गमबूट, गॉगल, आत नायट्राइलचे हातमोजे आणि वरून जाड रबरी हातमोजे. मास्कबद्दल गैरसमज आहे. एन-९५ धूळ आणि तुषार अडवतो, क्लोरीन वायू अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो.

तिसरं, काच, ब्लेड, सुई आधी उचला. चिमट्यानं. हातानं नाही, हातमोजे घालूनसुद्धा नाही. टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात टाका.

चौथं, द्रावण बनवा. आपल्याला १ टक्का हायपो हवं. क्यानवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर १ लिटर हायपो आणि ४ लिटर पाणी. १० टक्के असेल तर १ लिटरला ९ लिटर पाणी. ब्लीचिंग पावडर चांगली ताजी असेल तर लिटरला ३० ग्रॅम धरून साधारण १ टक्का होतं. हायपो उन्हात आणि उष्णतेत उतरतं. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेली क्यान घेऊ नका, आणि द्रावण रोज ताजं करा.

पाचवं, सांडलेल्या रक्तावर शोषून घेणारा कागद किंवा जुनी सुती कापडं अंथरा. त्यावर १ टक्का हायपो हळू ओता. फवारा मारायचा नाही, तुषार उडतात. आता अर्धा तास थांबा. घाईचं सगळं नुकसान इथंच होतं. रक्त स्वतःच क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळं ओतलं आणि लगेच पुसलं तर औषधाचं कामच होत नाही.

सहावं, कडेकडून मध्याकडं गोळा करा आणि पिवळ्या पिशवीत टाका. मग थंड पाणी आणि डिटर्जंटनं धुवा. गरम पाणी नको. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. आमच्या त्या लॉजच्या फरशीच्या फटीत तो डाग तसाच राहिला, शेवटी फरशी बदलावी लागली.

सातवं, पुन्हा १ टक्का हायपो, दहा मिनिटं, मग साध्या पाण्यानं धुणं. नळ, कडी, स्टील नीट धुतलं नाही तर गंज धरतो.

आठवं, गादी, उशी, गालिचा, फोम हे आतपर्यंत भिजलं असेल तर वाचवायचं नाही. वरून स्वच्छ दिसतं, आत सडतं. मालक कुरकुर करेल, “नवीन गादी होती भाऊ.” ठाम राहा.

नववं, वाळवणं. पावसाळ्यात वर कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, तर भिंत काय वाळणार? पंखे लावून खोली पूर्ण कोरडी करा. नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी येईल आणि तुमच्याच नावानं खडे फोडतील.

दहावं, कपडे उतरवणं. सगळ्यात जास्त चुका इथं होतात. बाहेरचे हातमोजे आधी, सूट आतली बाजू बाहेर करत, मग गॉगल, मास्क, शेवटी आतले हातमोजे. मध्ये मध्ये हात धुवा. कामाच्या खोलीत खर्रा नाही, चहा नाही, मोबाईल नाही.

४. कचरा कुठं जाणार?

चिखलदऱ्याची कथा तुम्हाला ठाऊक असेल. भीमानं कीचकाला मारलं, दरीत फेकलं आणि भीमकुंडात अंग धुतलं. कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं असं लोक सांगतात. भीमाला कोणी विचारलं नाही. तुम्ही मात्र दरीत काही फेकायचं नाही.

हे गमतीत घेऊ नका. आजूबाजूला मेळघाट आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. रक्ताच्या वासानं अस्वल, रानडुक्कर, कुत्री येतात. आणि खालच्या गावातली माणसं त्याच ओढ्याचं पाणी वापरतात.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये रक्तानं भिजलेला कापूस, कपडे, गाद्या पिवळ्या वर्गात येतात. हा कचरा नोंदणीकृत सामायिक केंद्रात जातो. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. हाताळणाऱ्याला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस हवी, हेही त्याच नियमांत आहे.

हे नियम मुख्यतः दवाखाने, लॅब, रक्तपेढ्या डोळ्यांपुढं ठेवून लिहिले आहेत. घरातल्या किंवा लॉजमधल्या घटनेत कचरा नेमका कोणी उचलायचा, हे गावात कोणी छातीठोक सांगत नाही. म्हणून काम घेण्याआधीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती कार्यालयात आणि आपल्या नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या: आम्ही असं काम करणार आहोत, कचरा कोणाकडं द्यायचा ते कळवावं. अर्जाची पोच जपून ठेवा. स्वतःच्या टेम्पोत पिशव्या टाकून परवानगीशिवाय घाट उतरायचा नाही, आणि कुठं कोपऱ्यात जाळायचंही नाही.

५. किती भांडवल? किती दर?

आता तुमच्या आवडीचा भाग. माझ्या दुकानाच्या हिशेबानं ढोबळ आकडे देतो. तुमच्या गावात पाचपन्नास इकडंतिकडं होतील.

हायपो ५ लिटरच्या ४ क्यान: ₹८००
नायट्राइल हातमोजे, ५ खोकी: ₹२,०००
रबरी हातमोजे आणि गमबूट, २ माणसांचे: ₹१,६००
कव्हरऑल सूट, २०: ₹४,०००
कार्ट्रिजचे रेस्पिरेटर, २: ₹५,०००
गॉगल आणि फेसशील्ड: ₹१,०००
ओलं-सुकं ओढणारं व्हॅक्यूम मशीन: ₹१०,०००
पिवळ्या पिशव्या, काचेचा डबा, चिमटे, शोषक कागद, मॉप, बादल्या: ₹५,६००

एकूण ₹३०,०००. लसीचा खर्च वेगळा, आणि तो पहिला. हिपॅटायटीस बीचे तीन डोस असतात: आज, एका महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. म्हणजे पुढच्या वर्षी धंदा करायचा असेल तर पहिला डोस या आठवड्यात घ्या. (व्हॅक्यूम मशीन रक्तावर लावायचं नाही. निर्जंतुक करून झाल्यावरचं पाणी ओढायला ते आहे.)

आता एका कामाचा हिशेब. लॉजची एक खोली, बाथरूमसह, दोन माणसं, पाच तास.

मजुरी दोघांची ₹२,४००. वापरून टाकायचं सामान ₹१,५००. घाटाचं जाणं-येणं ₹१,२००. मशीनची झीज ₹५००. कचऱ्यासाठी ₹१,०००. फोन, विमा, दुकानखर्च ₹९००. झाले ₹७,५००. दर सांगा ₹१०,०००. तुमच्या हातात ₹२,५००.

मालक म्हणेल, “दहा हजार? अहो, तीनशेत माणूस येतो!” तेव्हा त्याच्यासमोर त्याचाच हिशेब मांडा. सीझनला खोली ₹२,५०० ला जाते. वास आणि डागामुळं दहा दिवस बंद राहिली तर ₹२५,००० गेले. आणि त्या तीनशेवाल्या माणसाला काही झालं तर जबाबदारी मालकावर येते. हे शांतपणे सांगा, घाबरवू नका.

घरगुती कामाचं मात्र वेगळं. ज्या घरात कालच माणूस गेलं, तिथं घासाघीस करायची नाही आणि लूटही करायची नाही. दर कागदावर लिहून घरातल्या एखाद्या सावरलेल्या माणसाच्या हातात द्या, विधवेच्या किंवा आईच्या हातात नाही. गरिबाचं घर असेल तर फक्त सामानाचा खर्च घ्या. मी वर्षाच्या हिशेबातच अशी चार कामं धरायला सांगतो. लॉजच्या कामातून ती निघतात.

६. फक्त याच कामावर पोट भरेल का?

नाही. खरं सांगतो, चॅनेलवर गोड बोलून तुम्हाला खड्ड्यात घालणार नाही.

चिखलदरा लहान गाव. देव करो आणि अशी कामं वर्षात कमीच येवोत. परतवाडा, अमरावती, अकोला, धारणी पट्टा धरला तरी महिन्याला बांधील कामं मिळतील असं नाही. म्हणून हे काम मुख्य धंद्याच्या पोटात ठेवा. मुख्य धंदा असा: सीझनच्या आधी बंद बंगल्यांची खोल सफाई, पाण्याच्या टाक्या, बुरशी काढणं, उंदीर-वटवाघळांची घाण काढणं, लांबच्या आजारानंतर रुग्णाची खोली निर्जंतुक करणं, गटाराचं पाणी घरात शिरल्यावरची सफाई. साधनं तीच, शिस्त तीच. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, म्हणून तिथंही हातमोजे-गमबूट हवेतच. सुकी लेंडी झाडूनं उडवायची नाही, आधी भिजवायची.

एक काम मात्र घ्यायचंच नाही: सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं. २०१३ च्या कायद्यानं ते बंद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटार-टाकीतल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. टाकीतला वायू दिसत नाही आणि दुसरी संधी देत नाही. मशीनवाल्याचा नंबर द्या आणि बाजूला व्हा.

फेब्रुवारी २०२१ आठवतो? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं होतं. तेव्हा गल्लोगल्ली ‘सॅनिटायझेशन’वाले उगवले. पाठीवर पंप, पाण्यात थोडं हायपो, माणसांच्या अंगावरसुद्धा फवारा. खरं तर माणसांवर फवारणी करू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. लाट ओसरली, पंप कोपऱ्यात गेले. जे टिकले त्यांनी पद्धत शिकून घेतली होती. भीती विकली तर ती भीतीसोबत संपते, पद्धत विकली तर गिऱ्हाईक परत येतं.

७. कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. थोडेच कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाईन सूचना द्यायची. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण मोठी हॉटेलं बिल मागतात, तेव्हा सीएला विचारा. माणसांचा विमा काढा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण आहे. ते पुरेसं नाही, पण तेही नसणं ही लाजेची गोष्ट आहे. त्यावर कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या.

आणि एक वही ठेवा. कोणाला कधी लस दिली, कोणाला काही टोचलं का, किती वाजता, दवाखान्यात किती वाजता नेलं. टोचलं किंवा कापलं की साबणपाण्यानं धुवा, पिळू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. ७२ तास ही शेवटची सीमा आहे. पहिले दोन तास सगळ्यात मोलाचे.

८. या कामाचा व्हिडीओ करायचा नाही

हे मीच सांगतोय, जो प्रत्येक गोष्टीचा व्हिडीओ करतो. आधीचा-नंतरचा फोटो टाकायचा मोह होईल. नको. लॉजचं नाव, घराचा पत्ता, गेलेल्या माणसाचं काही, एक शब्द बाहेर जाता कामा नये. गाडीवर मोठी पाटी लावून दारात उभं राहू नका. गाव लहान आहे, उद्या त्या घराकडं बोट दाखवलं जातं. जाहिरात पोलीस ठाणी, दवाखाने, लॉजमालकांची संघटना, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याकडं जाऊन तोंडी करा. कार्डावर फक्त ‘विशेष सफाई सेवा’ एवढंच लिहा.

आणि माणसं. हे काम पिढ्यानपिढ्या ज्यांच्या माथी मारलं, त्यांनाच पुन्हा स्वस्तात जुंपायचं आणि वर सूट घालून तुम्ही फोटो काढायचा, असा धंदा करणार असाल तर हा लेख इथंच बंद करा. जो खोलीत जाईल त्याला पूर्ण मजुरी, पूर्ण साधनं, लस, आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क. पहिल्या पाच कामांना मालक म्हणून तुम्ही स्वतः आत जा. त्याशिवाय दर कसा ठरवायचा ते कळणार नाही आणि माणसाला काय सोसावं लागतं तेही कळणार नाही. काम झाल्यावर तासभर सोबत बसा, चहा पाजा, बोलू द्या. काही दृश्यं डोक्यातून लवकर जात नाहीत.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. हातात खराटा घेऊन गावात शिरायचे, आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनात लोकांची डोकी. त्यांच्या नावानं आपल्याकडं विद्यापीठ आहे, स्वच्छतेचं अभियान आहे. पण खराटा धरणाऱ्या हाताची किंमत अजून आपण तीनशेच रुपये लावतो. ही किंमत बदलणं आपल्या हातात आहे, कारण बिल आपण बनवतो.

तो भाऊ आज माझ्याकडं कायम नोकरीला आहे. ‘ते काम’ तो करत नाही. मी एकदा विचारलं, तो नाही म्हणाला, विषय संपला. पण दुकानात कोणी हायपो किंवा ॲसिड घ्यायला आलं की मी गल्ल्यावर असलो तरी तोच आधी बोलतो:

“दादा, हातमोजे घेतले काय?”

महिन्याला त्यातून विक्री किती वाढली ते मी मोजलेलं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: एक, हिपॅटायटीस बीचा पहिला डोस. दोन, तुमच्या भागातल्या पाच लॉजमालकांना एकच प्रश्न विचारा, “अशी वेळ आली तर तुम्ही कोणाला बोलावता?” तीन, उत्तरं वहीत लिहा. त्या पाच उत्तरांत तुमचा धंदा आहे की नाही, ते तुम्हालाच कळेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कामावर माणूस पाठवाल तेव्हा त्याचीही घ्या.